मराठी, मोडी, उर्दू, हिब्रू, पोर्तुगीज एकाच फलकावर: फुकटचे फॉन्ट कुठले लावावेत?

रेवदंड्याचा पार:

नमस्कार मंडळी. अलिबाग ते मुरूड पट्ट्यातल्या ठिकाणांची माहिती देणारे आठ फलक आणि बत्तीस पानांची एक पुस्तिका गावच्या वाचनालयातर्फे करायची आहे. मुख्य मजकूर मराठी. शिवाय आंग्रेकालीन कागदांतल्या चार-पाच ओळी मोडीत, नवगाव आणि अलिबागच्या बेने इस्रायल पानावर थोडं हिब्रू, जंजिऱ्याच्या पानावर उर्दू आणि कोर्लई किल्ल्याच्या पानावर पोर्तुगीज.

फलक तीन फूट बाय दोन फूट, पुस्तिका ए-५ आकाराची. एक संगणक विंडोज १०चा, दुसरा उबुंटूचा. लिब्रेऑफिस आणि इंकस्केप वापरतोय. छपाई बाहेर होणार, तिथे कोरल ड्रॉ चालतं.

सध्याची अवस्था अशी: मोडीच्या जागी रिकामे चौकोन येतात, उर्दूची अक्षरं सुटी सुटी पडतात, आणि ‘किनाऱ्यावर’ लिहिलं की ऱ्याच्या जागी रफार येऊन ‘किनार्यावर’ होतं. जुना मजकूर श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत आहे, तो वेगळाच ताप.

या सगळ्या लिप्या असलेला एकच फुकट फॉन्ट मिळेल का? आणि पुस्तिका वीस रुपयांना विकली तर फॉन्टच्या परवान्याची अडचण येते का?


अक्षरजुळारी:

एकच फॉन्ट शोधायचा नाद आधी सोडा. कारण तांत्रिक आहे. ओपनटाइप फॉन्टच्या एका फाइलीत जास्तीत जास्त ६५,५३५ आकार मावतात आणि युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक, त्याच्या १६व्या आवृत्तीत १,५४,९९८ चिन्हं आहेत. त्यात चिन्ह आणि आकार हा हिशेब एकास एक नसतो. देवनागरीची चिन्हं सव्वाशेच्या आसपास, पण जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेलांट्यांच्या कमी-जास्त रुंदी धरल्या तर आकार शेकड्यांनी लागतात. आयआयटी मुंबईच्या शोभिका फॉन्टमध्ये देवनागरीचेच सोळाशेच्या वर आकार आहेत.

म्हणून एक फाइल शोधू नका, एकाच घराण्यातल्या वेगवेगळ्या फाइली घ्या. तुमच्या कामाला नोटो हे घराणं सगळ्यात सोयीचं. नावाचा उगम ‘नो टोफू’ असा आहे. आकार नसला की दिसणाऱ्या त्या रिकाम्या चौकोनांना टोफू म्हणतात, ते दिसू नयेत म्हणून गूगलने हा खटाटोप केला. दीडशेहून अधिक लिप्या त्यात आहेत.

तुम्हाला उतरवून घ्यायच्या फाइली: नोटो सॅन्स देवनागरी, नोटो सेरिफ देवनागरी, नोटो सॅन्स मोडी, नोटो सेरिफ हिब्रू, नोटो नस्तालिक उर्दू, आणि पोर्तुगीजसाठी साधा नोटो सेरिफ. पोर्तुगीजचं फार मनावर घेऊ नका. तिची चिन्हं बहुतेक सगळ्या रोमन फॉन्टांत असतात.

गूगल फॉन्ट्सवरून झिप उतरवलीत की आत दोन प्रकार दिसतील: एक व्हेरिएबल फाइल, आणि ‘स्टॅटिक’ नावाच्या फोल्डरमध्ये वजनांनुसार, म्हणजे अक्षराच्या जाडीनुसार, सुट्या फाइली. तुम्ही स्टॅटिकच घ्या. व्हेरिएबल फाइल जुन्या सॉफ्टवेअरला कळत नाही, सगळी वजनं एकसारखीच दिसतात, नाहीतर ठळक अक्षर खोटं तयार होतं. दोन्ही प्रकार एकत्र मात्र टाकू नका. नावं सारखी असल्यामुळे कुठली फाइल उचलली गेली ते कळत नाही.

विंडोजवर फाइलीवर उजवी टिचकी मारून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा. नुसतं ‘इन्स्टॉल’ केलं तर फॉन्ट त्या एका यूजरपुरता बसतो आणि काही सॉफ्टवेअरना तो दिसतच नाही. उबुंटूवर फॉन्ट्स-नोटो-कोअर हे पॅकेज आहे खरं, पण त्यातली आवृत्ती आणि तुम्ही विंडोजवर उतरवलेली आवृत्ती वेगळी निघू शकते. मग इकडे बत्तीस पानांत बसलेला मजकूर तिकडे तेहतिसाव्या पानावर सांडतो. त्यापेक्षा एकाच झिपमधल्या फाइली दोन्हीकडे टाका.

परवाना: नोटो, मुक्ता, शोभिका, टिरो ही सगळी मंडळी एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. छापील पुस्तिका विका, फलक लावा, पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत करा, वेबसाइटवर चढवा, सगळं चालतं. श्रेयनामावलीत नाव द्यायचंही बंधन नाही. फॉन्टची फाइल तेवढी नुसती विकायची नाही, आणि फॉन्टमध्ये फेरफार केलात तर त्याच्या राखीव नावाने तो पुढे द्यायचा नाही. मंगल किंवा निर्मला यूआय विंडोजबरोबर येतात म्हणून ते मोकळे असा समज करून घेऊ नका. त्या संगणकावर वापरून छापायला हरकत नाही, फाइल उचलून उबुंटूवर किंवा वेबसाइटवर टाकायला आहे.

आता ‘किनाऱ्यावर’. यात फॉन्टचा दोष नाही, टंकलेखनाचा आहे. र, हलन्त, य असं टाइप केलं की रफारच येणार, सूर्यातला येतो तसा. मराठीतल्या ऱ्य आणि ऱ्हसाठी खालचा ठिपका असलेला ऱ लागतो, युनिकोड क्रमांक ०९३१. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग य. इन्स्क्रिप्ट येत नसेल तर लिब्रेऑफिसमध्ये इंग्रजी अंकांनी हा क्रमांक लिहून ऑल्ट आणि एक्स दाबा, ऱ उमटतो. ॲचंही तसंच, क्रमांक ०९७२. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत ॲच्या जागी चौकोन दिसतो. बरेच लोक अ लिहून वर चंद्र लावतात. दिसायला सारखंच, पण शोधताना ‘ॲल्युमिनियम’ सापडत नाही, आणि जुन्या प्रणालींवर मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उभं राहतं. एकसंध ॲच वापरा. हिंदी कळफलकावरचा ए-वर-चंद्र म्हणजे ऍ, तो मराठीत नको.

कुठलाही फॉन्ट नक्की करण्याआधी ही ओळ टाकून बघा: ‘खाऱ्या वाऱ्यात गाऱ्हाणं घालून वाङ्मय, चिठ्ठी, उद्ध्वस्त कट्टा, हृद्रोग, पुनर्निर्मिती, ॲल्युमिनियम, ऑक्टोबर, श्रद्धा, स्रोत.’ यात पायमोडी अक्षरं किंवा वर्तुळं किती दिसतात ते मोजा. एखाद-दुसरं पायमोडं जोडाक्षर दिसलं तर तो आकृतिबंधाचा निर्णय असू शकतो. वर्तुळ दिसलं तर तो दोषच.


सुरमई:

एवढ्या भानगडीत कशाला पडता? फ्रीसेरिफ टाका, नाहीतर एरियल युनिकोड. दोन्हींत ढीगभर लिप्या आहेत.


अक्षरजुळारी:

@सुरमई, एरियल युनिकोड एमएस फुकट नाही. त्यातली चिन्हं १९९८च्या युनिकोड २.१ इतकी जुनी आहेत, म्हणजे ॲसुद्धा नाही. जीएनयू फ्रीफॉन्ट मोकळा आहे, देवनागरीही आहे, पण त्याची शेवटची आवृत्ती २०१२ची आणि मोडी युनिकोडमध्ये आली २०१४ साली, सातव्या आवृत्तीत. तेव्हा त्यात मोडी असण्याचा प्रश्नच नाही. जीएनयू युनिफॉन्टही सुचवला जातो. त्यात खूप चिन्हं आहेत, पण प्रत्येक १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेलं आणि जोडाक्षरं जुळत नाहीत. चौकोनाच्या जागी नेमकं कुठलं चिन्ह आहे ते हुडकायला बरा, छापायला नाही.


बोरूटाक:

मोडीबद्दल थोडं वेगळं सांगतो, कारण इथे फॉन्ट बसवून काम संपत नाही.

चौकोन दिसण्याची कारणं दोन असू शकतात. फॉन्ट नाही हे पहिलं. दुसरं असं की काही जुन्या ‘मोडी फॉन्टां’त मोडीचे आकार देवनागरीच्या किंवा इंग्रजीच्या क्रमांकांवर बसवलेले असतात. त्यात टाइप केलेला मजकूर फॉन्ट बदलला की देवनागरी किंवा इंग्रजी कचरा होतो. असा मजकूर हाती आला असेल तर तो मोडी नाहीच, मोडीचा वेश घेतलेली देवनागरी आहे. खऱ्या मोडीचा स्वतःचा विभाग ११६००पासून सुरू होतो. नोटो सॅन्स मोडी याच क्रमांकांवर चालतो.

टाइप कसं करायचं? विंडोजमध्ये मोडीचा कळफलक येत नाही. अक्षरमुख या मोफत लिपी-परिवर्तकात देवनागरी मजकूर टाका, लक्ष्य लिपी मोडी निवडा, येईल ते चिकटवा. पण हे यांत्रिक लिप्यंतर आहे. ते तुमच्या देवनागरीतली ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी जशीच्या तशी आणतं, तर जुन्या कागदांत हा भेद बहुधा पाळलेला नसतो. जुन्या कागदांत आधी ओळभर शिरोरेषा ओढून खाली अक्षरं टांगलेली, शब्द तोडलेले नाहीत. फॉन्टमध्ये स्पेस आली की रेषा तुटते. शिवाय मोडीत लिहिणारा शब्द आखडता घेतो, संक्षेप वापरतो, ते परिवर्तकाला ठाऊक नसतात.

म्हणून माझं मत: आंग्रेकालीन कागदाची ओळ फॉन्टमध्ये पुन्हा जुळवू नका. मूळ कागद ६०० डीपीआयला स्कॅन करून तोच छापा, खाली देवनागरी लिप्यंतर द्या. नोटो सॅन्स मोडी फलकाच्या शीर्षकाला, ‘ही अक्षरं ओळखा’ अशा तक्त्याला, पुस्तिकेतल्या मुळाक्षरांना वापरा. तिथे तो चोख काम करतो. त्याचं वळण सरळसोट आहे, बोरूचा जाड-बारीकपणा त्यात नाही. चिटणिशी किंवा पेशवाई वळणाचा भास निर्माण करण्याच्या भरीला पडलात तर फसाल. आणि वजन एकच आहे, रेग्युलर. ठळक करण्यासाठी बी दाबलंत की सॉफ्टवेअर रेघा फुगवतं आणि अक्षरांच्या आतल्या पोकळ्या भरून जातात.

पुढेमागे हे वेबसाइटवर टाकणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. युनिकोड मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं अक्षर तीन बाइटांचं, मोडीचं चार. वेबसाइटचा मजकूर ठेवणाऱ्या मायएसक्यूएलमध्ये तक्ता नुसत्या ‘यूटीएफ८’वर असेल तर त्यात चार बाइट मावत नाहीत. मजकूर मोडीच्या पहिल्या अक्षरापाशीच तुटतो किंवा जतन करायलाच नकार मिळतो. ‘यूटीएफ८एमबी४’ ठेवा. वाचणाऱ्याच्या मोबाइलमध्ये मोडी फॉन्ट असेलच असं धरू नका, वेबफॉन्ट म्हणून बरोबर द्या.


रेवदंड्याचा पार:

आभारी आहे. स्कॅनचा मुद्दा पटला. दोन शंका आहेत.

लिब्रेऑफिसमध्ये हिब्रू शब्द निवडून नोटो सेरिफ हिब्रू लावला, तरी मराठी स्टाइल बदलली की हिब्रू पुन्हा वेगळाच दिसायला लागतो. असं का?

आणि नोटो सॅन्स देवनागरीत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. शाळेतली मुलं हे फलक वाचणार, तेव्हा पाकळीचा ल आणि देठाचा श हवाय.


अक्षरजुळारी:

ल आणि श आधी. चांगल्या देवनागरी फॉन्टांत दोन्ही वळणं भरलेली असतात आणि मजकुराला कुठली भाषा लावली आहे ते बघून फॉन्ट आकार निवडतो. तुमचा मजकूर बहुतेक हिंदी किंवा ‘काहीच नाही’ या भाषेवर असेल. सगळा निवडा, भाषा मराठी करा. ‘लाल शाल’ एवढं लिहून बघा, लगेच कळेल. वेबपानावर हेच काम भाषेच्या खुणेत ‘एमआर’ लिहून होतं. इंकस्केपमध्ये भाषा लावायची सोय सहज हाताला लागत नाही, म्हणून फलकांसाठी टिरो देवनागरी मराठी घ्या. टिरो टाइपवर्क्सने हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी वेगवेगळी कुटुंबं काढली आहेत आणि मराठीत हे आकार मुळातच मराठी वळणाचे आहेत. फक्त त्यात रेग्युलर आणि तिरपा एवढंच आहे, ठळक नाही. शीर्षकाला ठळक पाहिजे तर मुक्ता घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा फॉन्ट, सात वजनं आहेत. शीर्षक मुक्ता आणि मजकूर टिरो ही जोडी छान दिसते.

आता लिब्रेऑफिस. त्यात प्रत्येक स्टाइलला फॉन्टचे तीन कप्पे असतात: वेस्टर्न, एशियन आणि सीटीएल, म्हणजे गुंतागुंतीच्या जुळणीच्या लिप्या. टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर सीटीएल चालू केलं की तो कप्पा दिसतो. गोची अशी की देवनागरी, हिब्रू, उर्दू या सगळ्या एकाच सीटीएल कप्प्यात येतात. परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये टिरो लावलात की त्या परिच्छेदातल्या हिब्रूलाही टिरोच लागतो. टिरोत हिब्रू नाही, मग लिब्रेऑफिस गुपचूप मिळेल तो दुसरा फॉन्ट उचलतं. उपाय: कॅरेक्टर स्टाइल तयार करा, ‘हिब्रू’, ‘उर्दू’ आणि ‘मोडी’ अशा तीन. प्रत्येकीत सीटीएलचा फॉन्ट आणि भाषा दोन्ही नेमून द्या. मोडीच्या स्टाइलमध्ये वेस्टर्न आणि सीटीएल दोन्ही कप्प्यांत नोटो सॅन्स मोडी भरा. मग परिच्छेदाची स्टाइल कितीही बदला, हे शब्द हलणार नाहीत.

श्रीलिपीच्या मजकुराबद्दल: कन्व्हर्टर वापरण्याआधी मूळ फॉन्टचं अचूक नाव लिहून ठेवा. जुन्या फॉन्टांचे संकेत एकसारखे नसतात. डीव्हीबी-टीटी आणि डीव्ही-टीटी ही नावं जवळची वाटली तरी नकाशा वेगळा आहे. बदलल्यावर चूक हमखास तीन जागी सापडते: रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकलेला, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटलेली, आणि ऱ्य-ऱ्ह. कारण जुन्या फॉन्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. वेलांटी आधी दिसते पण साठवायची नंतर. कन्व्हर्टर बऱ्याचदा ऱ्याच्या जागी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे असा तुकडा ठेवून देतो. छापल्यावर फरक दिसत नाही, पण शोधताना शब्द निसटतो. त्या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त असं एकदाच सरसकट बदलून घ्या.


काळी नदी:

कारवारकडून एक पुस्ती. पुढे कोकणीचाही मजकूर घ्यायचा विचार असेल तर लिप्या आणखी वाढतात. कोकणी देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम आणि अरबी वळणाच्या लिपीतही लिहिली जाते. देवनागरी आणि कन्नड शेजारी शेजारी लावायचं तर ‘एक टाइप’चं ‘अनेक’ नावाचं घराणं बघा. दहा लिप्या, रोमन धरून, आणि जाडी-रुंदी एकमेकींशी जुळवलेल्या. पण त्यात उर्दू, हिब्रू, मोडी नाहीत, म्हणजे तुमच्या आजच्या कामाला अपुरं. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग ओळीखाली लोंबतो, त्यामुळे ओळींतलं अंतर देवनागरीच्या हिशेबाने ठेवलं की खालच्या ओळीवर आदळतो.

रोमी कोकणीत नासिक्य स्वरांवर लाटेसारखी खूण लागते. ‘ए’ आणि ‘ओ’ या रोमन अक्षरांवरची खूण पोर्तुगीजमुळे सगळीकडे मिळते. ‘ई’वरची पुष्कळ सजावटी फॉन्टांत नसते. नोटोत आहे.


छापखाना कट्टा:

उर्दू आणि हिब्रू न वाचता येणाऱ्यांनी ती बरोबर उमटली का हे कसं ओळखायचं, आधी ते. भाषा जाणणाऱ्याकडून मजकूर तपासून घ्यायचाच, पण तो तपासतो ती फाइल आणि छापून येतं ते यात फरक पडतो.

हिब्रूसाठी ‘शालोम’ हा शब्द घ्या. चार अक्षरं. सगळ्यात उजवीकडे तीन दात्यांचं अक्षर, सगळ्यात डावीकडे बंद चौकोनासारखं अक्षर. हा चौकोन उजवीकडे दिसला तर शब्द उलटा झालाय. हिब्रूत पाच अक्षरांना शब्दाच्या शेवटी वेगळा आकार असतो आणि त्यांचे युनिकोड क्रमांकही वेगळे. फॉन्ट ते आपोआप बदलत नाही, टाइप करणाऱ्यानेच योग्य अक्षर द्यायचं. स्वरांच्या ठिपक्यांसह मजकूर असेल तर एझरा एसआयएलही चांगला आहे. एसबीएल हिब्रू फुकट मिळतो, पण बिगर-व्यावसायिक कामापुरताच. वीस रुपयांना विकायच्या पुस्तिकेत तो नको.

उर्दूसाठी ‘जंजिरा’. पहिली पाच अक्षरं एका साखळीत उजवीकडून डावीकडे उतरत गेली पाहिजेत, शेवटचं सुटं. अक्षरं सुटी पडत असतील तर फॉन्ट बदलून उपयोग नाही, तुमचं सॉफ्टवेअरच अक्षरजुळणी करत नाहीये. ओळ सपाट असेल आणि उतार नसेल तर नस्तालिकऐवजी नस्ख वळणाचा फॉन्ट लागलाय. वाचता येतं, पण उर्दू वाचणाऱ्याला ते परकं वाटतं. मजकूर अरबी कळफलकावर टाइप केला असेल तर काफ आणि ये ही अक्षरं अरबीची येतात. उर्दूची वेगळी आहेत, क्रमांकही वेगळे. उर्दू कळफलकच वापरायला सांगा. अवामी नस्तालिक दिसायला फार देखणा, पण तो ग्राफाइट या तंत्रावर चालतो. लिब्रेऑफिसमध्ये उमटेल, वर्डमध्ये नाही.

नोटो नस्तालिकची ओळ फार उंच असते, देवनागरीच्या ओळीच्या दुपटीला जाते. मराठी परिच्छेदात मध्येच एक उर्दू शब्द घातलात तर तेवढ्याच ओळीभोवती खिंडार पडतं. ते बुजवायला ओळीची उंची ‘फिक्स्ड’ केली की वरचे नुक्ते, म्हणजे ठिपके, कापले जातात. उर्दू वेगळ्या परिच्छेदात, उजवीकडून डावीकडे अशी दिशा लावून ठेवा. आकार देवनागरी १२ असेल तर उर्दू १३-१४ आणि हिब्रू १२पासून सुरुवात करून, छापून, डोळ्यांनी ठरवा. पडद्यावर ठरवू नका.

फलकाचं गणित: दहा फुटांवरून आरामात वाचायला साधारण एक इंच उंचीचं अक्षर लागतं. उंची म्हणजे पॉइंट नव्हे. ७२ पॉइंटचा एक इंच, पण देवनागरीत शिरोरेषेपासून पायापर्यंतचं अंतर पॉइंटच्या साधारण साठ टक्के भरतं. सहा फुटांवरून वाचायच्या शीर्षकाला ०.६ इंच अक्षर पाहिजे, म्हणजे ७२ पॉइंट. तीन फुटांवरच्या मजकुराला ३६. तीन बाय दोनच्या फलकावर ३६ पॉइंटात पाच लिप्या आणि चित्रं बसवायला गेलात की मजकूर किती कापावा लागतो ते दिसेल. तो कापा, अक्षर बारीक करू नका.

आता कोरल. तुम्ही धडधाकट पीडीएफ पाठवता, समोरचा ती कोरलमध्ये उघडतो आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. उघडताना कोरल विचारतं, मजकूर ‘टेक्स्ट’ म्हणून आणायचा की ‘कर्व्ह्ज’ म्हणून. टेक्स्ट निवडलं की त्या संगणकावर फॉन्ट नसल्याने जुळणी पुन्हा होते आणि बिघडते. कर्व्ह्ज निवडायला लावा. त्याहून खात्रीचं म्हणजे फलक इंकस्केपमधूनच ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून पाठवा. मूळ फाइल वेगळी ठेवा, पाथ केलेल्या अक्षरात ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. पुस्तिकेच्या पीडीएफसाठी उबुंटूवर पीडीएफफॉन्ट्स ही आज्ञा चालवा. यादीत तुम्ही लावलेलेच फॉन्ट दिसले पाहिजेत आणि प्रत्येकासमोर ‘एम्बेडेड’च्या रकान्यात होकार. अनोळखी नाव दिसलं, समजा फ्रीसेरिफ, तर कुठल्यातरी पानावर अक्षर सापडलं नाही म्हणून उसना फॉन्ट घेतला गेलाय. ते पान शोधा.

जुन्या पेजमेकरमध्ये हे काम कुणी करून देतो म्हणाला तर नको म्हणा. त्याला युनिकोड कळत नाही, सगळा मजकूर परत श्रीलिपीत जाईल आणि हिब्रूचं तर नावच नको.


रेवदंड्याचा पार:

फलकांपैकी दोन किनाऱ्यालगत आहेत. त्यांची अक्षरं व्हिनाइल कापून पत्र्यावर चिकटवायची असं ठरतंय. त्यालाही हेच फॉन्ट चालतील?


छापखाना कट्टा:

टिरो नको, त्याच्या बारीक रेघा कापताना फाटतात आणि खाऱ्या वाऱ्यात त्यांच्याच कडा आधी उचलतात. मुक्ता सेमीबोल्ड किंवा बोल्ड घ्या.

पण खरी मेख वेगळी आहे. देवनागरीत शेजारशेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. पडद्यावर आणि कागदावर ती सलग रेघ दिसते. कटरला मात्र प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी दिसते, तो प्रत्येक सांध्यावर उभा काप घेतो आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. दोन पावसाळ्यांत अक्षरं एकेक करून गळायला हेच पुरे. म्हणून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ झाल्यावर अक्षरं अनग्रुप करा, एकेक शब्द निवडा आणि पाथ मेनूतलं ‘युनियन’ चालवा. मग आउटलाइन दृश्यात बघा, शब्दावर एकच बाहेरची रेषा दिसली पाहिजे. संपूर्ण ओळ एकदम निवडून युनियन केलीत तरी चालतं, पण मोठ्या ओळीला इंकस्केप अडखळतं आणि मध्ये एखादी मात्रा सुटली तर सापडत नाही.

नस्तालिकला तर हे केलंच पाहिजे, तिथे सांधे शिरोरेषेवर नसून अक्षरांच्या पोटात असतात. हिब्रूची अक्षरं सुटीच असतात, तिथे गरज पडत नाही. मोडी व्हिनाइलमध्ये कापू नका, ती छापील पट्टीवर द्या.

आणि ऑर्डर देण्याआधी ‘गाऱ्हाणं’ हा एक शब्द कापून मागा. ऱ्ह, काना, अनुस्वार, शिरोरेषा सगळं त्यात येतं. अनुस्वाराचा ठिपका पत्र्यावर चिकटताना ट्रान्सफर टेपवरच राहून जातो, तो मोजून घ्या.